मोबाईलात एकच सिरियल मावते, आजवरची सगळ्यात भारी कोणती टाकू?

कापूसकोंड्या:
रामराम मंडळी. प्रश्न जुनाच हाय पण अडचण नवी हाय. आमच्या यवतमाळ साईडले वावरातली लाईन या आठवड्यात रातची हाय, बारा ते सकाळी आठ. हरभऱ्याले स्प्रिंकलर लावलं म्हणून मी आन दोन चुलतभाऊ रातभर मोटरीपाशी बसून राह्यलो. वावरात नेटवर्क नाई, विहिरीच्या काठावर उभं राह्यलं तर एक डांडी येते. म्हणून घरूनच डाऊनलोड करून न्या लागते आन जागा एकाच सिरियलची, त्याच्यावरून तिघांत रोज भांडण. मी म्हणलं असं नाई, जगातली सगळ्यात भारी सिरियल कोणती तेच ठरवू न तेच पाहू. जुनी, नवी, हिंदी, इंग्रजी, मराठी काहीबी चालते. पण काहून भारी ते सांगजा, निस्तं नाव टाकून पळू नोका.

कृषीकेंद्रवाला:
ब्रेकिंग बॅड. विषय संपला. २००८ ते २०१३, ५ सीझन, ६२ भाग. केमिस्ट्रीचा मास्तर, पगार पुरत नाई म्हणून शाळा सुटल्यावर गाड्या धुवायच्या सेंटरवर काम करते, न पहिल्याच भागात त्याच्या वर्गातल्या पोट्ट्याची गाडी त्याले पुसा लागते. तिथंच समजून जाते हा माणूस आता काहीतरी करणार. मंग तो बिघडत जाते न आपण कवापासून त्याचीच बाजू घेऊन राह्यलो हे आपल्यालेच समजत नाई. आन संपवली वेळेवर. नाईतर ते गेम ऑफ थ्रोन्स पाहा, ७ सीझन राजासारखे चालवले न आठव्यात माती खाल्ली.

टिनावरचा:
पोट्टेहो, लंबी गोष्ट हाय, पटलं तर वाचा. १९८७ साली आमच्या गावात एकच टीव्ही, पाटलाच्या ओसरीत, ब्लॅक अँड व्हाईट, लाईन गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी लावत. रामायण लागे रविवारी सकाळी साडेनऊले. मी दहा वर्साचा, अंगानं हलका, म्हणून मले टिनावर चढवत अँटेना धरायले, काहून का वांदरं दर आठवड्याले अँटेना वाकवून जात. खालून आवाज ये, मुंग्या आल्या रे फिरव, मी फिरवो. बस बस, आता हालू नोको, मंग मी हालत नसो. एप्रिल-मे मध्ये टिन असं तापे का मी बुडाखाली ओलं पोतं घेऊन चढो, ते अर्ध्या भागातच सुकून जाये. असे ७८ भाग झाले, त्यातले म्या पाह्यले किती? एकबी नाई. सगळं रामायण म्या आयकलं. रवींद्र जैनच्या चौपाया पाठ झाल्या, पण रावण दिसते कसा हे मले माहीतच नव्हतं, अरविंद त्रिवेदीचं हासणं तेवढं माहीत होतं. पाह्यलं कवा, तर २८ मार्च २०२० पासून लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं परत लावलं तवा. खरं सांगू का, दोन्हीकडून बाण सायकलवर बसून निघाल्यासारखे येतात न मधात भेटतात. पोरगी हासली, मले राग आला, मंग मीबी हासलो.

तरी माह्यं मत रामायणाले नाई, महाभारताले. बी. आर. चोप्राचं, २ ऑक्टोबर १९८८ ते जून १९९०, ९४ भाग. तवाबी मी टिनावरच. रामायणात बम जागी खालचे लोक हात जोडून चुपचाप पाहत न वर मले निस्तं म्युझिक आयकू ये, काय चालू हाय समजे नाई. महाभारतात तसं झालं नाई. डायलॉग राही मासूम रझाचे, न सुरवातीले हरीश भिमानीच्या आवाजात तो 'समय' बोले, आज काय होणार हाय न कोण कुठी चुकून राह्यलं ते तो आधीच सांगून टाके. द्यूताच्या भागाले खाली बाया रडत होत्या न मी टिनावर, काई न पाहता. जे डोळे झाकून समजते ते भारी, माह्यं तं एवढंच माप हाय. आन आमच्या गावचे पोट्टे तवा बापाले पिताश्री म्हणून राह्यले होते, मार खाईपरेंत.

खेड्यातला_मास्तर:
टिनावरचे भाऊ, तुमचं माप पार उलटं धरून मी द वायर म्हणतो. २००२ ते २००८, ६० भाग, अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर. बनवणारा डेव्हिड सायमन त्याच शहरात पेपरचा रिपोर्टर होता, सोबतीचा एड बर्न्स आधी पोलिसात न नंतर शाळेत शिक्षक, त्यामुळे ऐकीव माल नाही. पोलीस न गर्द (ड्रग्ज) विकणाऱ्यांपासून सुरू होते, मग बंदर, राजकारण, शाळा, शेवटी पेपरचं ऑफिस, दर सीझनला त्याच शहराचा एकेक कप्पा उघडतो.

चौथा सीझन शाळेचा, तो मी तीनदा पाहिला. त्यात एक पोलीसवाला नोकरी सुटल्यावर गणिताचा मास्तर होतो. मीटिंगमध्ये त्यांना सांगतात की आता परीक्षेत येणार तेवढंच घोटून घ्या, शाळेचे आकडे वर गेले पाहिजेत. त्याच्या लगेच लक्षात येतं, हे तर पोलिसात पण चालायचं, दरोड्याची साधी चोरी लिहायची न गुन्हे कमी झाले म्हणायचं. मी तेव्हा नेमका एक तक्ता भरत बसलो होतो. आमच्या वर्गात एक पोरगा आहे, दिवाळी झाली की मायबापासोबत कापूस वेचायला दुसऱ्या तालुक्यात जातो न होळीला परत येतो, त्याला गावाचं नाव धड लिहिता येत नाही, अन त्याच्या नावापुढे मी त्याच दिवशी 'वाचता-लिहिता येते' वर टीक केली होती. लॅपटॉप बंद केला. तक्ता मात्र तसाच पाठवला.

या सिरियलला एमी, म्हणजे तिकडचं टीव्हीचं मोठं बक्षीस, एकसुद्धा मिळालं नाही, चालू होती तेव्हा फार लोकांनी पाहिली पण नाही.

टिनावरचा:
मास्तर, टिनावरून समजन का हे?

खेड्यातला_मास्तर:
नाही समजणार भाऊ. दोन मिनिटं मान वळवली की धागा तुटला, न त्यांची बोली अशी की सबटायटलशिवाय मला पण झेपत नाही. या मुद्द्यावर हार मान्य.

भाकरवाली_ताई:
टिनावरचा भाऊ सोडला तर इथं सगळे निवांत बसून पाहणारे दिसतात. आमी बायका तर कायमच भाकरी थापता थापता आयकत आलो. म्हणून तर मराठी सिरियलवाले एकच गोष्ट तीनदा बोलतात, चुलीपाशी आयकू गेली पाहिजे ना बाप्पा, न तुमी त्याले नावं ठेवता! माझं मत आभाळमाया. १९९९, अल्फा मराठी, सुकन्या कुलकर्णीची सुधा जोशी, नोकरी करणारी, दोन पोरींची माय. सुधा बोलली की मी तव्यावरची भाकर काढून ठेवून बाहेर येऊन पाहो, बाकीच्यांचं चुलीपासूनच आयको.

एक रागाची गोष्ट बोलून घेते. सिरियलमध्ये वऱ्हाडी बोलणारं माणूस आलं की समजायचं, आता हासा. भारत गणेशपुरे आपल्या अमरावतीकडचा, त्याची बोली आयकली की बरं वाटते, पण ते कॉमेडीत. २०१६ ची माझ्या नवऱ्याची बायको, त्यातली राधिका नागपूरची, आपल्यासारखी बोले न तरी हिरोइन होती, म्हणून मी ते वर्सभर पाह्यलं. मंग लांबवून लांबवून त्याची पार सुतळी केली.

धाकला_चुलतभाऊ:
पंचायतचं नाव कोणीच काढून नाई राह्यलं काहून? यूपीचं गाव म्हणून दाखवतात पण शूटिंग मध्यप्रदेशात सिहोर जिल्ह्यातलं. प्रधान बाई कागदावर न कारभार नवरा पाहते, आता सांगा असं गाव तुमी पाह्यलं नाई का. पहिल्या सीझनच्या शेवटी २६ जानेवारीले झेंडा फडकवायचा म्हणून ती बाई जनगणमन पाठ करते, तिथं मी मोटरीपाशी एकटा रडलो, दादाले सांगू नोका.

कापूसकोंड्या:
दादानं वाचलं.
चार रात्री झाल्या, रिपोर्ट देतो. पंचायत आमचं आधीच दोनदा पाहून झालं म्हणून बाद. पहिल्या रात्री वायर लावली. पाईप पलटवायले गेलो न वापस आलो तं कोण कोणाले कशासाठी मारून राह्यलं काई पत्ता नाई, न सांगणारा चुलतभाऊ घोरून राह्यला. मंग दोन रात्री ब्रेकिंग बॅड, भारी हाय, खोटं नाई बोलत. पण तिघं एका मोबाईलात डोकं घालून बसलो न तिकडं दोन नोझल बंद पडले ते समजलंच नाई, एक कोपरा कोरडा राह्यला, सकाळी बाबाच्या शिव्या खाल्ल्या. काल ते पुसून महाभारताचे द्यूताकडचे भाग टाकून नेले. मोबाईल शर्टाच्या खिशात, आवाज फुल, चिखलात पाईप उचलता उचलता आयकलं. टिनावरचे काका, सगळं समजते. आन शंख वाजला का धुऱ्याकडची डुकरं पयतात, हे मात्र तुमी सांगतलं नव्हतं.
सोमवारपासून लाईन दिवसाची होऊन राह्यली, मंग रातच्याले घरी बसून मास्तरांचं वायर पहिल्यापासून लावतो.