विषाणूंशी लढायला आपण जीवाणूंकडून शिकलो?

पारावरचा: विषाणूचा डीएनए पेशीद्रवात आला की आपल्या पेशीतलं सीगॅस हे प्रथिन एक छोटा रेणू बनवतं, तो स्टिंग या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतो आणि इंटरफेरॉन हे शेजारच्या पेशींना सावध करणारं प्रथिन सुटतं. डॅलसच्या जेम्स चेन यांच्या गटानं सीगॅस शोधलं २०१३ मध्ये. २०१९ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या रोटेम सोरेक यांच्या गटाला जीवाणूंत फाजविरुद्ध (म्हणजे जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंविरुद्ध) लढणारी अशीच व्यवस्था सापडली, सीबास. माझं स्पष्ट मत: जन्मजात प्रतिकारशक्ती ही प्राण्यांची कमाई नाहीच. आपली पुस्तकं मात्र अजून १८८२ पासून सुरुवात करतात, जेव्हा मेचनिकॉफ यांना ताऱ्यामाशाच्या अळीत परकी वस्तू घेरणाऱ्या पेशी दिसल्या.

खडूस: घाई होतेय. सीगॅस आणि जीवाणूंतलं त्याचं भावंड यांची अमिनो आम्लं लावून बघा, साम्य नावापुरतं. प्रथिनाची त्रिमितीय घडी तेवढी जुळते. शिवाय सीबासमध्ये शेवटी बऱ्याचदा फॉस्फोलायपेज हे मेद तोडणारं विकर पेशीचं स्वतःचंच पटल फाडतं, फाजची पिलावळ तयार व्हायच्या आत. आपल्याकडे शेजारच्या पेशींना सावध केलं जातं. दोन गाड्यांत एकाच मापाचा नट निघाला म्हणून गाड्या एका कारखान्यातल्या होत नाहीत.

पारावरचा: एकच नट असता तर मानलं असतं! गॅसडर्मिन हे प्रथिन घ्या. २०२२ मध्ये दिसलं की जीवाणूंतही प्रोटिएज हे प्रथिनं कापणारं विकर त्याचा तुकडा कापतं आणि उरलेला भाग पटलाला भोकं पाडतो, हुबेहूब आपल्या पायरॉप्टोसिससारखं, म्हणजे पेशीच्या स्फोटक आत्मघातासारखं. व्हायपेरिन हे विषाणूविरोधी प्रथिनही तसंच. मानवी असो वा जीवाणूंतलं, ते असे बिघडलेले न्यूक्लिओटाइड (आरएनएच्या साखळीच्या कड्या) बनवतं की विषाणूची आरएनए साखळी मध्येच खुंटते. इतके योगायोग?

गुणसूत्रे: योगायोग नाही, पण सरळ वंशावळही नाही. व्हायपेरिन बहुधा दृश्यकेंद्रकी (म्हणजे केंद्रक असलेल्या, आपल्यासारख्या) पेशींच्या आद्य पूर्वजातच होतं, अ‍ॅसगार्ड आर्किया या केंद्रक नसलेल्या सूक्ष्मजीवांकडून आलेलं. सीगॅसच्या कुळातली काही जनुकं मात्र जीवाणूंकडून नंतर आडवी, म्हणजे वारशाने नव्हे तर थेट, उचललेली दिसतात, तीही एकदाच नव्हे. दोघंही सगळ्या प्रथिनांना एकच न्याय लावताय.

खडूस: हे पटतं. पण टीआयआर या प्रथिनांतल्या भागाचं काय? जीवाणूंतलं टीआयआर एनएडी हा पेशीच्या ऊर्जा-व्यवहाराला लागणारा रेणू फस्त करून पेशी मारतं, आपल्या टोल रिसेप्टर या जंतू ओळखणाऱ्या प्रथिनातलं नुसता निरोप पोचवतं.

पारावरचा: सार्म१ हे प्रथिन विसरलात. त्यातही टीआयआरच, माणसाचंच, आणि आजही एनएडी तोडतं.

खडूस: तोडतं, पण जखमी मज्जातंतूत. तिथे फाजची जागा घेणारा विषाणू कुठाय?