मदत हवी आहे: ट्रेलर रिव्हर्स घेताना गाडं अडतंय

मंडळी, जड मालवाहू गाडीच्या लायसन्सची तयारी चालू आहे. साधा ट्रक जमतो. ब्रेकच्या टाकीत हवेचं प्रेशर भरल्याशिवाय हँडब्रेक सोडायचा नाही, मागची चाकं आत कापतात म्हणून वळण रुंद घ्यायचं, हे अंगवळणी पडलंय.

घोळ होतो तो ट्रेलर जोडून रिव्हर्स घेताना. स्टीअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलरचं शेपूट डावीकडे जातं, इथवर कळतं. पण परत उलट कधी फिरवायचं? जरा उशीर झाला की ट्रेलर केबिनला काटकोनात! शिकवणारे म्हणतात, 'हळू घे.' हळू घेतलं की चूकही हळूच होते, एवढाच फरक.

आरशात नजर ट्रेलरच्या मागच्या चाकांवर ठेवायची की कोपऱ्यावर? आणि टेस्टमध्ये मध्येच पुढे घेऊन सरळ केलेलं चालतं का? अनुभवी चालकांनी कृपया सांगावं.