बिनड्रायव्हरच्या गाडीने माणसाला उडवलं तर केस कोणावर?

अनघा_नाशिक:
मुलगा अ‍ॅरिझोनात टेम्पीला एमएस करतोय, रात्री उशिरा लॅबमधून चालत रूमवर येतो. तिकडे वेमो कंपनीच्या बिनड्रायव्हरच्या टॅक्सी फिरतात, काल व्हिडिओ कॉलवर त्याने एक दाखवली, स्टिअरिंग आपोआप वळतंय आणि सीटवर कोणीच नाही, पोटात गोळाच आला माझ्या. देव न करो पण अशा गाडीने कोणाला ठोकलं तर पोलीस पकडणार कोणाला?

रोहित_फिनिक्स:
ताई, टेम्पीतच झालंय हे, मार्च 2018 ला. उबरची टेस्टिंगची, आपोआप चालणारी व्होल्वो कार होती, रात्री सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणारी 49 वर्षांची बाई गेली. तपासात निघालं की धडकेच्या 5.6 सेकंद आधीच गाडीला ती दिसली होती, पण सॉफ्टवेअर तिला कधी गाडी समजतंय कधी सायकल, आणि झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्त्यात येऊ शकतो हे त्यात धरलेलंच नव्हतं!! व्होल्वोचे स्वतःचे इमर्जन्सी ब्रेकपण बंद ठेवलेले. आणि गुन्हा कोणावर, तर सीटवर बसलेल्या टेस्ट ड्रायव्हरवर. ती मोबाईल बघत होती हे खरंय, 2023 ला कबुली दिली, 3 वर्षं प्रोबेशन. कंपनीवर फौजदारी होत नाही असं सरकारी वकिलांनी 2019 लाच सांगून टाकलं. मला हे अजून पटत नाही.

अनघा_नाशिक:
म्हणजे ज्यांनी असलं सॉफ्टवेअर रस्त्यावर सोडलं ते सुटले?

अ‍ॅड_देशपांडे:
फौजदारीतून सुटले, पण नुकसानभरपाई वेगळी, तिथे कंपनी सापडते. उबरने त्या बाईच्या घरच्यांशी थोड्याच दिवसांत सेटलमेंट केली. फ्लोरिडात 2019 ला ऑटोपायलटवरच्या (ड्रायव्हरच्या मदतीला गाडी स्वतः चालवणारी सिस्टिम) टेस्ला कारने उभ्या गाडीशेजारची तरुणी मारली, ड्रायव्हर पडलेला फोन उचलायला वाकला होता, तरी ऑगस्ट 2025 ला जूरीने 33 टक्के दोष टेस्लाचा धरला, 24 कोटी डॉलरच्या वर भरायला लावले. वेमोत तर दोष ढकलायला ड्रायव्हरच नाही. ब्रिटनने 2024 च्या कायद्यात लिहूनच टाकलंय की गाडी स्वतः चालत असताना तिच्या चालवण्याचा जाब कंपनीने द्यायचा, सीटवरच्या माणसाने नाही. हे सगळीकडे व्हायला हवं.
मुलाला एवढंच सांगून ठेवा, तसं काही झालंच तर 911 ला (तिकडचा इमर्जन्सी नंबर) फोन करायचा, पोलीस रिपोर्टचा नंबर घ्यायचा, गाडीच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग जपून ठेवा असं कंपनीला लगेच लेखी कळवायचं आणि तिथला वकील गाठल्याशिवाय सेटलमेंटच्या कागदावर सही करायची नाही.