शब्दचर्चा : मनुष्यबळ, कायम विनाअनुदानित, समायोजन

खडूफळा : मुलीला अकरावीत 'जागतिकीकरण आणि शिक्षण' असा निबंध आलाय. ती विचारते, पूर्वी शिक्षण मंत्रालयाला मनुष्यबळ विकास मंत्रालय का म्हणायचे, मनुष्यबळ म्हणजे कामाला लागणारी माणसं ना? हा शब्द शिक्षणाला कसा चिकटला, आणि असे अजून कुठले शब्द आहेत, जाणकारांनी सांगा.

माणदेशी : तुमच्या मुलीनं बरोबर पकडलंय. केंद्रात १९८५ ला शिक्षण मंत्रालयाचं नाव बदललं आणि २०२० च्या नव्या धोरणासोबत ते परत शिक्षण मंत्रालय झालं, म्हणजे पस्तीस वर्षं शिक्षण 'मनुष्यबळ'खाली होतं. इंग्रजी 'ह्यूमन रिसोर्स'चं हिंदीवाल्यांनी मानव संसाधन केलं, आपण मनुष्यबळ. आता मराठीत हा शब्द येतो कुठं बघा, ऊसतोडीला मनुष्यबळ मिळेना, दवाखान्यात मनुष्यबळ अपुरं. घरातल्या पोराला कुणी मनुष्यबळ म्हणत नाही. यामागचा विचार जुना आहे, शुल्ट्झ आणि बेकर या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात मानवी भांडवल ही कल्पना रुजवली, शिक्षणावरचा खर्च ही गुंतवणूक, तर परतावा मोजा. ९१ च्या उदारीकरणानंतर ही भाषा आपल्याकडं जोरात आली. १९९४ ला डीपीईपी, म्हणजे जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, सुरू झाला, त्यात जागतिक बँकेचा पैसा होता आणि लातूर, नांदेड, परभणी असे मराठवाड्यातले जिल्हे होते. वर्गखोल्या झाल्या, पोरी शाळेत आल्या, ते मी नाकारणार नाही. पण पैशाबरोबर मोजमापही आलं आणि आज आम्हा मास्तरांच्या तोंडी सारखं अध्ययन निष्पत्ती (कुठल्या इयत्तेत पोराला काय यायला हवं त्याची यादी), ऑनलाइन माहिती, लिंक भरा हेच असतं. पोरगं शिकून कसा माणूस होणार याचा रकाना कुठल्याच लिंकमध्ये नाही.

चौथीब : माझ्याकडून 'कायम विनाअनुदानित' घ्या. अनुदानित म्हणजे शाळा संस्थेची पण पगार सरकारचा. विनाअनुदानित म्हणजे काही वर्षं संस्थेनं कळ काढायची, मग टप्प्याटप्प्यानं अनुदान. २००१ च्या सुमाराला सरकारनं नव्या शाळांना परवानगी देताना पुढं 'कायम' लावलं, की बाबा आमच्याकडून कधीच काही मागू नका. सरकारनं खर्चातून हात काढायचा हे त्या काळात जगभर चाललेलंच होतं, आपल्याकडं ते एका शब्दात आलं. मग आंदोलनं झाली, आणि २००९ ला 'कायम' हा शब्द वगळण्याचा शासन निर्णय निघाला. नुसता एक शब्द काढल्यावर हजारो शिक्षकांच्या घरात आशा आली, पण पहिलं २० टक्के अनुदान यायला २०१६ उजाडलं, त्यामुळं शिक्षकांत आता 'तुम्ही किती टक्क्यावर?' असं विचारतात, म्हणजे पगार किती टक्के मिळतो. माझा मावसभाऊ असाच. सकाळी दहावीला गणित शिकवतो आणि संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात हिशोब लिहितो, मुलांच्या वह्या तिथंच काउंटरवर तपासतो. मधल्या काळात २०१२ चा कायदा आला, तिथं शब्द 'स्वयंअर्थसहाय्यित', म्हणजे अनुदानाचा प्रश्नच मिटवला. एवढा जडजंबाळ शब्द कुणाच्या तोंडी बसत नाही, लोक सरळ फीची शाळा म्हणतात आणि तेच बरोबर आहे.

ओढ्याकाठी : 'समायोजन' राहिलं की, म्हणजे कमी पटाची शाळा बंद करून पोरं दुसऱ्या शाळेत घालायची. २०१७ ला पट दहापेक्षा कमी म्हणून १३१४ शाळांचं समायोजन करायचं ठरलं होतं, २०२३ ला समूह शाळांचा, म्हणजे छोट्या शाळा मिळून एक मोठी करण्याचा, विषय निघाला तेव्हा वीसच्या आतल्या पटाच्या शाळा १४,७८३ मोजल्या होत्या. कागदावर समायोजन, वाडीवर बाया म्हणतात शाळा उठवली. दुसरी शाळा तीन किलोमीटरवर, मधे ओढा, पावसाळ्यात सहा वर्षांची पोरगी एकटी कशी जाणार? पोरगा जाईल कसाबसा, पोरगी घरी बसेल. खर्चाच्या हिशोबात सात पोरांसाठी दोन शिक्षक परवडत नाहीत, मान्य, पण हिशोब कुणी आणि कशाचा मांडायचा हे महात्मा फुल्यांनी १८८२ लाच इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढं सांगून ठेवलंय, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, तेव्हा बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत करून दाखवलं. तेव्हा संस्थानाला परवडलं.

खडूफळा : खूप मिळालं, सगळ्यांचे आभार. पण पालकच इंग्रजी मागतात ना? आमच्याकडं झेडपीनं सेमी (गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून) सुरू केल्यावरच पट टिकला. आणि सरकारी शिक्षण म्हणजेच सार्वजनिक शिक्षण असं लिहिलं तर चालेल का?

माणदेशी : पालकांना मी दोष देत नाही, हिंजवडीत नोकरी इंग्रजीवर मिळते हे त्यांना दिसतंय. सेमीलाही माझी हरकत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र नाही. सरकारी म्हणजे पैसा कुणाचा, सार्वजनिक म्हणजे तिथं येतं कोण. सरपंचाचा पोरगा पिवळ्या बसनं तालुक्याला गेला आणि शाळेत फक्त मजुरांची पोरं उरली तर ती सरकारी आहेच, सार्वजनिक म्हणवत नाही. २०१५ ला अलाहाबाद हायकोर्टानं उत्तर प्रदेशात आदेश दिला होता की सरकारी पगार घेणाऱ्यांनी आपली मुलं सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत, तो प्रत्यक्षात उतरला नाही. आपल्याकडं झेडपीच्या मास्तरांनी तरी आदेशाची वाट बघू नये. माझी दोन्ही पोरं माझ्याच शाळेत आहेत.