परीक्षा तोंडावर आणि कादंबरी अर्ध्यावर: व्हॅम्पायरचे नियम ठरवावेत की उजळणी करावी?

प्रश्न – अर्धीवही

नमस्कार.

मी जीवशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात शिकते. शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र या विषयांचे पेपर आता जवळ आले आहेत, आणि इतके महिने रखडलेली माझी फँटसी कादंबरी नेमकी याच काळात मनात धावू लागली आहे. पुस्तक उघडून दोन पाने होतात न होतात तोच एखादा प्रसंग सुचतो. तो विसरू नये म्हणून मी समासात टिपून ठेवते आणि समासातून तो मुख्य पानावर कधी उतरतो ते कळतही नाही. पेशींतल्या ऊर्जानिर्मितीच्या क्रेब्ज चक्राच्या आकृतीखाली सध्या माझ्या नायिकेचे संवाद लिहिलेले आहेत.

ही नायिका व्हॅम्पायर आहे. ती ज्याचे रक्त पिते त्याच्या आठवणी तिला मिळतात, पण त्या बदल्यात दर वेळी तिची स्वतःची एक आठवण कायमची पुसली जाते. कित्येक शतके जगल्यामुळे तिच्याजवळ आता दुसऱ्यांची बालपणे भरपूर आहेत आणि स्वतःचे जवळजवळ उरलेलेच नाही. इथपर्यंत मला पक्के ठाऊक आहे. अडते ते यापुढे. व्हॅम्पायर म्हटले की ऊन, लसूण, आरसा, उंबरठ्यावरचे आमंत्रण हे सगळे वाचकाच्या डोक्यात आधीच असते. ते जसेच्या तसे घेतले तर गोष्ट इतर दहा गोष्टींसारखी होते, आणि सगळेच टाकून दिले तर हिला व्हॅम्पायर तरी कशाला म्हणायचे, असे वाचक विचारेल. यातले काय ठेवावे आणि काय सोडावे, हे कसे ठरवतात?

दुसरा प्रश्न अधिक तातडीचा आहे. परीक्षा संपेपर्यंत लेखन पूर्ण बंद ठेवावे का? बंद ठेवले तर गोष्ट विझून जाईल अशी भीती वाटते, आणि चालू ठेवले तर अभ्यासात लक्ष लागत नाही. पुढचा प्रवेश याच गुणांवर अवलंबून असल्यामुळे ‘मनाचे ऐक’ एवढा सल्ला मला पुरणार नाही.

उत्तर – पानगळ

तुमच्या पहिल्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण व्हॅम्पायरचे नियम जितके पुरातन वाटतात तितके ते नाहीत, आणि हे कळले की लिहिणाऱ्याचा हात बराच मोकळा होतो.

अठराव्या शतकात सर्बियाच्या खेड्यांतून ज्या तक्रारी ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचल्या आणि 1725 व 1732 च्या अहवालांमुळे युरोपभर गाजल्या, त्यांतला व्हॅम्पायर हा खेड्यातला साधा माणूस होता: मेलेला, पुरलेला आणि उकरून काढल्यावर फुगलेला, तोंडाशी रक्त असलेला. कुजण्याच्या क्रियेत वायू साठून प्रेत फुगते, रक्तासारखा द्रव तोंडातून बाहेर येतो आणि कातडी आकसल्यामुळे नखे वाढल्यासारखी दिसतात. तुम्ही जीवशास्त्राच्या विद्यार्थिनी असल्यामुळे हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. या खेडुताला उमराव बनवले ते जॉन पॉलिडोरीने. 1816 च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी इंग्रज कवी बायरनने सोबतच्या मंडळींना भुताची एकेक गोष्ट लिहायला सुचवले. त्याने स्वतः सुरू केलेली गोष्ट अर्धवट टाकली, आणि त्या तुकड्यावरून पॉलिडोरी या त्याच्या तरुण डॉक्टरने आपली कथा रचली. ती 1819 मध्ये छापली गेली, तीही बायरनच्या नावावर. पॉलिडोरीने त्या उन्हाळ्याच्या आदल्याच वर्षी, 1815 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एडिंबरा येथे वैद्यकीची पदवी घेतली होती आणि त्याचा प्रबंध झोपेत चालण्याच्या विकारावर होता. परीक्षेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाने आधुनिक व्हॅम्पायर घडवला, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे.

आता उन्हाचे पाहा. ‘ड्रॅक्युला’ या ब्रॅम स्टोकरच्या 1897 च्या कादंबरीतला व्हॅम्पायर काउंट लंडनच्या रस्त्यावर भरदिवसा उभा असलेला दिसतो. दिवसा त्याच्या शक्ती मर्यादित होतात, पण उन्हाने तो मरत नाही. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर नष्ट होतो, ही कल्पना रूढ केली ती 1922 च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटाने. म्हणजे ज्याला आपण मूळ नियम समजतो तो ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीनंतर पंचवीस वर्षांनी आलेला आहे.

स्टोकरच्या टिपणांचे कागद आजही फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात जपलेले आहेत. त्यांत त्याने आपल्या व्हॅम्पायरची लक्षणे लिहून ठेवली होती. आरशात न दिसणे त्यात आहेच, पण त्याचे चित्र काढू गेल्यास ते दुसऱ्याच कोणाचे तरी उमटते आणि छायाचित्र घेतल्यास काळे किंवा सांगाड्यासारखे येते, हेही आहे. हे शेवटचे दोन नियम किती सुंदर आहेत! तरीही त्याने ते कादंबरीत घेतले नाहीत. याउलट व्हॅम्पायरला मायभूमीच्या मातीतच विसावावे लागते हा वरकरणी किरकोळ नियम त्याने घेतला आणि कथेचा सगळा उत्तरार्ध त्यावर उभा केला. काउंट मातीचे पन्नास खोके लंडनला आणतो, त्याचे शत्रू ते एकेक शोधून निकामी करत जातात, आणि अखेर उरलेल्या एका खोक्यासह त्याला पळ काढावा लागतो. नियम कसा निवडावा याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. ज्या नियमामुळे पात्राला काहीतरी करणे भाग पडते तो ठेवावा. ज्याने नुसती वातावरणनिर्मिती होते तो कितीही मोहक असला तरी सोडून द्यावा.

तुमच्या नायिकेला लागू करून पाहा. तुमचा आठवणींचा नियम इतका बळकट आहे की लसणाची गरजच नाही. मात्र त्याची एक बाजू तुम्ही अजून उघडलेली नाही: पुसली जाणारी आठवण कोणती, हे कोण ठरवते? ती स्वतः निवडत असेल तर दर घोटाआधी तिला एक निर्णय घ्यावा लागेल. निवड तिच्या हातात नसेल, तर काय गेले हे तिला कळणारच नाही, आणि मग ते वाचकाला कसे कळवायचे हा तुमच्या निवेदनाचा प्रश्न होईल. या दोन वेगवेगळ्या कादंबऱ्या आहेत. उंबरठ्यावरचे आमंत्रणही मी ठेवेन, कारण स्वतःचे घर विसरलेल्या बाईला कोणी ‘आत ये’ म्हणणे यात तुमच्या विषयाशी थेट नाते आहे. आरसा ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

उत्तर – लालशाई

मी अनेक वर्षे शिकवले आहे आणि उत्तरपत्रिकाही पुष्कळ तपासल्या आहेत, म्हणून ‘तू’ म्हणण्याची मुभा घेते.

गोष्ट विझेल ही भीती तू आधी मनातून काढ. त्याच 1816 च्या उन्हाळ्यात अठरा वर्षांच्या मेरी शेलीने सुरू केलेली ‘फ्रँकेन्स्टाइन’ची गोष्ट 1818 मध्ये पुस्तकरूपाने आली. स्टोकरची टिपणे 1890 पासूनची आहेत, म्हणजे नाट्यगृहाचे व्यवस्थापन सांभाळत त्याने ती कादंबरी सात वर्षे मनात वागवली. ज्या कल्पनेत दम असतो ती काही आठवडे सहज थांबते.

पण तुझी खरी अडचण गोष्ट विझण्याची नाही, ती मध्येच डोके वर काढण्याची आहे, आणि त्यावर उपाय आहे. अपुरे राहिलेले काम हातातल्या कामात लुडबुड करते, परंतु ते कधी आणि कसे पुढे न्यायचे याची नेमकी योजना केली की ही लुडबुड कमी होते, असे मानसशास्त्रातल्या 2011 च्या प्रयोगांत दिसून आले आहे; काम पुरे करण्याचीही गरज पडली नाही. म्हणून समासात संवाद लिहिणे थांबव आणि एक वेगळी छोटी वही ठेव. प्रसंग सुचला की त्यात एकच ओळ लिहायची आणि तिच्यापुढे तो कोणत्या दिवशी हाती घ्यायचा ते लिहायचे. ‘परीक्षेनंतर’ असे मोघम लिहू नकोस, वार आणि तारीख घाल. मग पुन्हा पाठ्यपुस्तकाकडे वळायचे.

अभ्यासाबद्दलही एक सांगते, कारण तुझ्या लिहिण्यावरून तू पुस्तक वाचत बसतेस असे वाटते. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणे अधिक टिकते. 2006 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात उतारा वाचल्यावर पाच मिनिटांत चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, पण आठवड्यानंतर घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचताना मन भरकटायला वाव असतो. कोऱ्या कागदावर क्रेब्ज चक्र आठवून काढताना तो फारसा राहत नाही. नायिकेचे संवाद त्या आकृतीखाली का आले असतील, याचा या बाजूनेही विचार करून बघ.

आणि रात्री जागू नकोस. शिकलेले पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो.

उत्तर – कडुनिंब

माझे मत वेगळे आहे. लेखन पूर्ण बंद ठेवा, छोटी वहीसुद्धा नको.

लिहिणाऱ्यांना लेखन ही विश्रांती वाटते, पण तसे ते नसते. एखाद्या प्रसंगाची जुळवाजुळव करताना जी एकाग्रता खर्ची पडते तीच जीवरसायनशास्त्राला लागते, आणि दिवसभरात ती मर्यादितच मिळते. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की टिपण समासातून मुख्य पानावर उतरते. वही वेगळी केल्याने ती सवय जाईल असे मला वाटत नाही. एका ओळीची चार पाने व्हायला वेळ लागत नाही. हस्तलिखित घरातल्या कोणाकडे तरी सोपवा आणि शेवटच्या पेपरच्या दिवशी परत घ्या. पुढचा प्रवेश या गुणांवर अवलंबून आहे असे तुम्ही म्हणता, तेव्हा इतकी कडक शिस्त पाळणे योग्यच ठरेल. दरम्यान फिरायला जा, गाणे ऐका. ज्याने खरोखर थकवा जातो तेच करा.

उत्तर – निशाचर

लालशाई आणि कडुनिंब या दोघांचेही म्हणणे वाचले. मला तिसरी वाट दिसते, कारण या विद्यार्थिनीची गोष्ट आणि अभ्यासक्रम एकमेकांपासून फार दूर नाहीत.

रक्तावर जगणे शरीराला किती अवघड आहे, हा शरीरक्रियाशास्त्राचा उत्तम प्रश्न होऊ शकतो. रक्तातला निम्म्याहून अधिक भाग प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा द्रव असतो आणि प्लाझ्मा जवळजवळ नव्वद टक्के पाणी. उरते ते मुख्यतः प्रथिने. मेद आणि शर्करा अगदी थोड्या. रक्तावरच जगणाऱ्या वटवाघळांच्या तीन जाती मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत आढळतात. ती रक्त शोषत नाहीत, दातांनी लहानशी जखम करून ते जिभेने चाटतात, आणि त्यांच्या लाळेतले घटक रक्त गोठू देत नाहीत. जास्तीचे पाणी टाकून उडण्याइतके हलके व्हावे म्हणून पोट भरत असतानाच त्यांची मूत्रपिंडे वेगाने काम करू लागतात. त्यानंतर प्रथिनांमुळे युरियाचा आणि हिमोग्लोबिनमुळे लोहाचा भार पडतो तो वेगळाच. मेदाचा साठा नसल्यामुळे दोन-तीन रात्री उपाशी राहिले तर वटवाघूळ मरते, आणि म्हणून पोट भरलेले वटवाघूळ उपाशी सोबत्याला स्वतःच्या तोंडातून रक्त भरवते. उपासमारीच्या काठावरचे हे देणेघेणे मला कोणत्याही किल्ल्यातल्या काउंटपेक्षा अधिक हलवून जाते, आणि तुमच्या कादंबरीत त्याला जागा असावी असे मनापासून वाटते.

आणखी एक. ‘ड्रॅक्युला’मध्ये लूसी या तरुणीला एकापाठोपाठ चार पुरुषांचे रक्त दिले जाते आणि कोणाचे रक्त जुळते का, हा प्रश्न कोणाच्याच मनात येत नाही. येणार कसा? कादंबरी 1897 ची आणि लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला तो 1901 मध्ये. तुमची नायिका मात्र तो शोध लागल्यानंतरही जगते आहे. न जुळणाऱ्या रक्तातून आलेली आठवण तिच्या शरीरात काय करेल?

तेव्हा माझी सूचना अशी: गोठण्याची साखळी, मूत्रपिंडातले गाळण, युरियाचे चक्र, लोहाचा साठा हे विषय नायिकेच्या शरीराला धरून पुस्तक मिटून स्वतःला समजावून सांगा. त्यात संवाद आणि वर्णन नको, फक्त क्रिया योग्य क्रमाने यायला हव्यात. चुकले तर पुस्तक उघडून दुरुस्त करा. ज्या विषयांचा रक्ताशी संबंध नाही ते मात्र ओढूनताणून गोष्टीत बसवू नका. तिथे नेहमीसारखाच अभ्यास करा.

अर्धीवही

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या आस्थेने कोणी उत्तर देईल असे वाटले नव्हते.

शेवटच्या पेपरपर्यंत प्रसंग आणि संवाद लिहिणे बंद करते आहे. कडुनिंब यांचे एकाग्रतेबद्दलचे म्हणणे मला पटले आणि हस्तलिखित मोठ्या बहिणीकडे दिले आहे. छोटी वही मात्र ठेवणार आहे, एका ओळीची मर्यादा पाळून. निशाचर यांच्या पद्धतीने आज मूत्रपिंडाचा भाग पुस्तक मिटून लिहून पाहिला आणि हेन्लेच्या वलयाशी अडले, म्हणजे उद्या कुठून सुरुवात करायची ते समजले.

पानगळ, तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी आहे असे वाटते. आठवण ती निवडत नाही. पण ती रोजनिशी ठेवते, आणि रोजनिशीतल्या ज्या ओळी तिला परक्या वाटू लागतात त्यांवरून काय गेले ते तिला कळते. एवढेच विचारते: जुन्या नोंदी तिच्या आणि आजचे निवेदनही तिचेच, तर दोन्हींचा आवाज एकच ठेवावा का?

पानगळ

वेगळा ठेवा. जुन्या नोंदी पूर्ण वाक्यांत, घरातल्या वस्तूंची आणि माणसांची नावे घेत लिहिलेल्या असाव्यात. अलीकडच्या नोंदींत ती नावे कमी होत जावीत आणि तिथे ‘तो’, ‘ती’, ‘ते घर’ असे शब्द यावेत. काय गमावले ते मग तिला बोलून दाखवावे लागणार नाही. ही ओळ छोट्या वहीत लिहून ठेवा, पुढे तारीख घाला, आणि तूर्त हेन्लेच्या वलयाकडे वळा.