भाऊबीजेला साडी नको, हे भावाला कसं सांगू?

वावरातली लेक (समुद्रपूर तालुका, जि. वर्धा)

नमस्कार. आई गेल्यावर पहिल्यांदाच, मागच्या महिन्यात माहेरी तिची लोखंडी पेटी उघडली. आत ४३ ब्लाऊज पीस, टॉवेल-टोपीचे ११ जोड आणि पिशवीतून न काढलेल्या ७ साड्या. सगळा आहेर. एकाकडून आलेला, दुसऱ्याला द्यायचा म्हणून जपलेला. आईनं जन्मभर तीनच लुगडी आलटून पालटून नेसली.

माझ्या माळ्यावरही तेच. कपबश्यांचे खोके, स्टीलचे डबे, घड्याळं. घर दोन खोल्यांचं. कापूस घरात आला की लेकरांना झोपायला जागा उरत नाही.

पण मनाला लागलं ते वेगळंच. मागच्या दिवाळीत धाकट्या भावानं सोयाबीन मळणी झाल्या झाल्या बाजारात नेलं. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात. चार दिवस उन्हात पसरलं असतं तर भाव नीट मिळाला असता, पण तीन बहिणींच्या साड्या घ्यायच्या होत्या. वहिनी बोलता बोलता सहज सांगून गेली. ती साडी मी अजून नेसले नाही. घडी मोडायला हात जात नाही.

यंदा नको म्हणायचं आहे. पण त्याला वाटेल, ताईला आता आमचं घेणं जड झालं. आणि बहीण माहेरातून रिकामी निघाली तर गावही विचारतं. कुणी हे केलंय का? कसं बोललात?

काटोलची सून

ताई, भावाला नाही, वहिनीला फोन करा. खरेदी तिच्याच हातून होते आणि उधारीचा हिशेबही तिलाच माहीत असतो. आमच्या नणंदांनी मलाच सांगितलं होतं, म्हणून मला ते ऐकून हलकं वाटलं. आता त्यांना साडीऐवजी घरच्या बागेतल्या संत्र्याची पेटी जाते. आंबिया बहार दिवाळीच्या सुमारास हाती येतो. व्यापारी बाजूला काढतो ती बारकी फळं चवीला कमी नसतात, तीही भरून देतो. आठ दिवसांत पेटी रिकामी, मागं काही उरत नाही.

आणि नुसतं "काही नको" म्हणू नका. ते ऐकून माणूस घाबरतो आणि थेट कापड दुकानात जातो. काय हवं ते नाव घेऊन सांगा.

निवृत्त गुरुजी, पुसद

लेकरांपुरतं सांगतो. मुलगी १० वर्षांच्या आतली असेल तर तिच्या नावानं पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं उघडता येतं, वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात. माझ्या दोन्ही नातींची खाती आहेत. दिवाळीला मी मुलाजवळ त्यांचे पैसे देतो आणि नंतर पासबुकातली नोंद त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेतो. तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी नंदी घेऊन घरोघरी जातात, तेव्हा मिळणाऱ्या बोजाऱ्याचे पैसेही त्या आता स्वतःहून तिथंच टाकायला सांगतात.

लहान लेकराला हातात काहीतरी लागतंच, हे मात्र मान्य. आमच्या घरी लाकडी नंदी दरवर्षी नवा येत नाही. माझ्या मुलानं ओढलेलाच नंदी पोळ्याआधी रंगवतो, नवी झूल शिवतो. आता नातू ओढतो.

आर्वीची मावशी

नात लिहून राहिली, मी सांगून राहिली. बाई, तुहं म्हणणं खरं हाय. पण लुगडं नको म्हणजो, ओटी नको म्हणू नको. आमच्या वक्ती बाईच्या हाती पैसा नव्हता. सासरी सारं त्याहिचं. माहेराहून आलेला सैपाकाचा गंज, लुगडं, तेवढंच आपलं. माह्या मायनं देल्ला तो पितळी गंज मी कोणाले हात लावू देत नाही. म्हणून सारंच अडगळ म्हणू नको.

आन् ते ब्लाऊज पीस वाटू नको. जोडून वाकळ शिव. तुह्या मायनं जपले ते अंगावर तरी येतीन.

वावरातली लेक

भाऊबीज झाली, म्हणून लिहिते. वहिनीला फोन केला. ती आधी गप्प झाली, मग म्हणाली, "ताई, तुम्हीच त्यांना सांगा, माझं नाव नको." मग भावाशी बोलले. नाव घेऊन दोन गोष्टी मागितल्या. वहिनीच्या माहेरची, वायगावची एक किलो हळद. आपल्याच तालुक्यातली ही हळद, तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मी दुकानातलं पाकीट आणत होते. दुसरं, त्याचा अर्धा दिवस, माझा माळा रिकामा करायला.

तो लगेच हो म्हणाला नाही. "लोक काय म्हणतील" दोनदा म्हणाला. मग विचारलं, "खरंच चालेल?" त्या विचारण्यात मला त्याचं लहानपण ऐकू आलं.

मावशी, ओटी घेतली. नारळ, तांदूळ, हळद आणि आईच्या पेटीतला एक हिरवा ब्लाऊज पीस. तो शिवायला टाकलाय. बाकीचे ४२ आम्ही तिघी बहिणी वाकळीसाठी जोडून राहिलो आहोत.

ओवाळायला गेले तेव्हा त्याच्या अंगणभर सोयाबीन पसरलेलं होतं. आम्हाला भिंतीच्या कडेकडेनं घरात जावं लागलं.