आईच्या गुडघ्यातलं ‘सिमेंट’ किती वर्षं टिकतं?

साइटवाला_मानेवाडा
आईचं वय ६८. पुढच्या महिन्यात नागपुरात धंतोलीत गुडघा बदलायचा आहे. डॉक्टर म्हणाले, सांधा सिमेंटनं बसवू. मी बांधकामावर सुपरवायझर, क्यूब टेस्ट (काँक्रीटचा ठोकळा दाबून ताकद मोजणं) पाहण्यात वीस वर्षं गेली. एम-२५ काँक्रीट २८ दिवसांनी चौरस मिमीला २५ न्यूटन दाब घेतं. याचं काय? आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ती रोज दोनदा तरी चढते-उतरते. रात्री झोप लागत नाही.

ओटीतली_सिस्टर
दादा, हे सिमेंट मी स्वतः कालवते, म्हणून सांगते. नाव सिमेंट, पण आहे ॲक्रिलिक, दाताच्या कवळीच्या जातीचं. ४० ग्रॅमच्या आसपास पावडर, २० मिली उग्र वासाचं लिक्विड. ग्लोव्हला चिकटायचं थांबलं की सर्जनच्या हातात. उरलेली गोळी मी तळहातावर धरून ठेवते. आधी कोमट, मग चटका बसेल इतकी तापते, नंतर ट्रेवर टाकली की टणकन वाजते. दहा-पंधरा मिनिटांत सगळं होतं, २८ दिवस थांबायचं काम नाही.

या सिमेंटच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, आयएसओ ५८३३ प्रमाणे, दाबाला किमान ७० मेगापास्कल लागतात, म्हणजे तुमच्या हिशोबात चौरस मिमीला ७० न्यूटन. ओढलं तर मात्र कमी पडतं, अगदी तुमच्या काँक्रीटसारखं. आणि हा डिंक नाही, ग्राउट आहे. हाडाच्या जाळीत शिरून घट्ट बसतं.

खरा शत्रू हवेचा बुडबुडा. पावलागणिक ताण येतो आणि वर्षानुवर्षांनी तिथूनच केसाएवढी चीर निघते. म्हणून व्हॅक्यूममध्ये कालवतात. आपल्याकडच्या मे महिन्यात सिमेंटचा बॉक्स गरम राहिला तर ते झपाट्यानं घट्ट होतं, हाडात शिरायला वेळच मिळत नाही. आम्ही आदल्या दिवशीच थंड खोलीत ठेवतो.

इतवारीकर
बाबांचा गुडघा २०११ चा, अजून ठणठणीत. मांडी घालून बसणं तेवढं सोडलं. २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासातही २५ वर्षांनी शंभरातले साधारण ८२ गुडघे टिकलेले होते. मात्र बरा झालेला पाय पुन्हा नव्यानं दुखू लागला तर एक्स-रे काढायला लावा. सिमेंटमध्ये बेरियम घातलेलं असतं, म्हणून ते पांढरं दिसतं. हाड आणि सिमेंटच्या मधे काळी रेघ रुंदावताना दिसली तर सांधा सैल होतोय.

साइटवाला_मानेवाडा
ताई, बुडबुड्याचं वाचलं आणि डोक्यात उजेड पडला. व्हायब्रेटर नीट न मारल्यानं आत हवा राहिलेला कॉलम मी स्वतः तोडायला लावला आहे. सोमवारी डॉक्टरांना विचारतो, व्हॅक्यूमनं कालवणार का. आईला जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा बसवून देतो, माप आजच घेतलं.